चाकांवरचे घर, दोन पॉलिसी आणि सुनौलीची सीमा : एका मोटरहोमच्या विम्याचे प्रकरण

सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातील एक निवृत्त दांपत्य आपल्या मोटरहोमची कागदपत्रे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून माझ्याकडे आले. दिवाळी झाली की निघायचे, गोरखपूरमार्गे सुनौलीला सीमा ओलांडायची, पोखरा आणि काठमांडू पाहून पूर्वेला काकरभिट्ट्याला नेपाळमधून बाहेर पडायचे आणि तब्येतीने साथ दिली तर तसेच पुढे भूतानमध्ये शिरायचे, असा सुमारे चाळीस दिवसांचा बेत होता. विमा आहेच, तो नेपाळात चालतो ना, एवढी खात्री करून घ्यायची, इतकेच काम घेऊन ते आले होते. प्रत्यक्षात त्या फोल्डरमधली पॉलिसी नेपाळात चालणार नव्हतीच, पण पुणे-सातारा रस्त्यावर गाडी जळून गेली असती तरी तिने निम्म्याहून कमी किंमत हातावर ठेवली असती.

मोटर विम्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. अशा गाड्या घेऊन येणारी माणसे आता वाढली आहेत, आणि विमा कंपन्यांच्या अर्जांत मात्र या गाडीला अजून नीट जागा नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडते आहे. कुटुंबाची आणि कंपन्यांची ओळख पटेल असे काही यात ठेवलेले नाही, आणि रकमा गोल केल्या आहेत.

कागदावरची गाडी

गाडी टेम्पो ट्रॅव्हलर जातीची होती. मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरने तिच्यावर झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय करून ती विकली होती आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचे पासिंग झाले होते. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि त्यानुसारचे प्रमाणपत्र फोल्डरमध्ये होते. आरसीवर वाहनाचा प्रकार 'कॅम्पर व्हॅन' असा नोंदलेला होता आणि वापर खासगी. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते, त्यामुळे परवाना, फिटनेस, वापराच्या अटी या सगळ्या बाबतींत ही गाडी मोटारीच्या रांगेत बसते, ट्रॅव्हल्सच्या गाडीच्या नाही. इथपर्यंत कागद चोख होते.

गफलत पॉलिसीत होती. पहिल्या वर्षी विक्रेत्याने एका कंपनीची पॉलिसी दिली होती. नव्या खासगी मोटारीला सप्टेंबर २०१८ पासून तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याची हानी झाल्यास भरपाई देणारा विमा, तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, त्याप्रमाणे तृतीय पक्षाचा भाग फेब्रुवारी २०२६ पर्यंतचा होता, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला आम्ही ओडी म्हणतो तो भाग, एका वर्षाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा एक वर्षाचा भाग संपला तेव्हा त्यांच्या मुलाने ऑनलाइन शोध घेऊन दुसऱ्या एका कंपनीची फक्त ओडीची पॉलिसी स्वस्तात काढली. संकेतस्थळावर गाडीचे मॉडेल निवडण्याच्या यादीत मोटरहोम नव्हते, म्हणून त्याने त्याच उत्पादकाची साधी प्रवासी गाडी निवडली. संगणकाने तिची १५ लाख रुपयांची किंमत घेतली, १५ टक्के घसारा वजा केला आणि १२,७५,००० रुपये आयडीव्ही छापली. गाडीचे मूळ बिल २६ लाखांचे होते.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर कंपनी देईल ती कमाल रक्कम. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसान झालेली धरतात. आयडीव्ही कशी ठरवायची हे २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर विम्याच्या दरांच्या आणि अटींच्या नियमावलीत, सांगितले आहे : उत्पादकाच्या यादीतील विक्री किंमत घ्यायची, तीमधून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा, आणि त्या किमतीत नसलेल्या पण गाडीवर बसवलेल्या साहित्याची किंमत वेगळी ठरवून लिहायची. ओडीचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोडले गेले, तरी पॉलिसीची भाषा आणि ही रीत आजही बहुतांशी तीच आहे. या उत्तरार्धाकडे, म्हणजे 'वेगळी ठरवून लिहायची' या शब्दांकडे, मोटरहोमच्या मालकाने सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे असे माझे ठाम मत आहे, कारण साध्या मोटारीत त्या शब्दांत फार तर म्युझिक सिस्टीम बसते, आणि इथे अख्खे घर बसते.

आयडीव्हीचा आकडा दाखवल्यावर काका म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही त्यात राहतो, झोपतो, स्वयंपाक करतो. ते घरच झालं की. घरात असलेलं सगळं विम्यात यायला नको का?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण मोटर पॉलिसी घर ओळखत नाही. ती ओळखते गाडी आणि गाडीला कायम जोडलेले साहित्य. म्हणून एका रविवारी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या सोसायटीत गेले आणि आम्ही तिघांनी गाडीतली एकेक वस्तू पाहिली. निकष सोपा ठेवला : पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावल्याशिवाय निघत नाही ते एका पानावर, हाताने उचलता येते ते दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर आले ते टपावरचे २०० वॉटचे तीन सोलर पॅनेल, पलंगाखालची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, बोल्टने बसवलेला फ्रिज, डाव्या बाजूला गुंडाळून बसणारा कापडी छज्जा, ज्याला या मंडळींत ऑनिंग म्हणतात, आणि मागची सायकलची जाळी. दुसऱ्या पानावर कुकर, इंडक्शनची शेगडी, लॅपटॉप, कॅमेरा, अंथरुणे, औषधांचा डबा. काकूंनी दुसरे पान पाहून विचारले की या सगळ्याचे काय. मोटर पॉलिसीत त्याचे काहीच नाही, हे उत्तर त्यांना आवडले नाही, पण ते त्यांना प्रवासाआधी कळले याचे मला समाधान वाटते. लॅपटॉप आणि कॅमेऱ्यासाठी त्यांनी वेगळे संरक्षण घ्यायचे टाळले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

पहिल्या पानावरचे साहित्य पासिंगनंतर बसवलेले होते, त्यामुळे ते २६ लाखांच्या बिलात नव्हते. विजेवर चालणाऱ्या वस्तू २,६०,००० रुपयांच्या, ऑनिंग ७५,००० चे आणि जाळी १५,००० ची. गाडी एक वर्षाहून जुनी आणि दोन वर्षांहून नवी असल्याने २० टक्के घसारा लागू होत होता. तो धरून मूळ गाडीची आयडीव्ही २०,८०,००० आणि साहित्याची २,८०,००० झाली, एकूण २३,६०,०००. विजेच्या वस्तूंसाठी टॅरिफमध्ये २४ क्रमांकाचे एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, आहे आणि त्याचा दर वस्तूंच्या किमतीच्या ४ टक्के. २,०८,००० वर ते ८,३२० रुपये झाले. ऑनिंग आणि जाळी बिनविजेचे साहित्य म्हणून वेगळ्या ओळीत लिहून घेतली. एकूण हप्ता जवळजवळ दुप्पट झाला, आणि काकांनी तो मुकाट्याने भरला असे मी म्हणणार नाही.

चालू पॉलिसीत मध्येच आयडीव्ही वाढवायला कंपनी तयार नव्हती. शेवटी जुनी पॉलिसी रद्द करून, उरलेल्या दिवसांचा हप्ता परत घेऊन, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच कंपनीची नवी पॉलिसी काढली. आधी कंपनीने ही गाडी 'मिसलेनिअस', म्हणजे इतर वाहनांच्या, वर्गात टाकून भाव सांगितला होता. आरसीची प्रत आणि खासगी वापराचे स्वहस्ताक्षरातील निवेदन दिल्यावर ती खासगी मोटारीच्या वर्गात आली. पूर्ण घसारामाफी, म्हणजे लोक ज्याला झिरो डेप म्हणतात ती जोड, या गाडीला द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

दोन गोष्टी पॉलिसीबाहेर पण पॉलिसीला बळ देणाऱ्या. पहिली, आरटीओतील नोंद. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक ठामपणे सांगितले आहे. टपावर आणि बाजूला नंतर बसवलेल्या साहित्याबद्दल कंपनीला उद्या शंका काढता येऊ नये म्हणून बॉडी बिल्डरचे पत्र घेऊन आरटीओकडे अर्ज केला. दुसरी, वजन. पाण्याची टाकी भरून, सगळे सामान आणि दोघे बसून गाडी वजनकाट्यावर नेली. आरसीवरील एकूण वजनमर्यादेपेक्षा ती फक्त १४० किलोंनी कमी भरली. काकांनी त्याच दिवशी दुसरा पाण्याचा कॅन आणि लोखंडी घडीचे टेबल घरी ठेवून दिले.

मुलाने सुचवलेल्या एका कल्पनेचाही इथे उल्लेख करते. गाडी वर्षातून आठ महिने उभीच असते, तर ओळखीच्यांना खर्चापुरते पैसे घेऊन द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. खासगी पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यावर वापर वगळलेला असतो, आणि 'डिझेल आणि वर पाच हजार' हाही मोबदलाच. वापराच्या अटीचा भंग झाला तरी दावा सरसकट नाकारू नये, तडजोडीने ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, असा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात दिला होता हे खरे; पण त्या भरवशावर २३ लाखांची गाडी दुसऱ्याच्या हाती देऊ नये. त्याने कल्पना सोडून दिली.

सीमेपलीकडे

भारतीय मोटर पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'भौगोलिक क्षेत्र : भारत' अशी ओळ असते. ती कोणी वाचत नाही. कन्याकुमारीपासून लडाखपर्यंत कुठेही गाडी न्या, एकही रुपया जास्त लागत नाही. पण सुनौलीची कमान ओलांडली की ती ओळ लागू होते आणि पॉलिसी त्या क्षणापुरती नसल्यासारखी होते.

हे क्षेत्र वाढवता येते. टॅरिफमध्ये त्यासाठी पहिल्याच क्रमांकाचे एन्डोर्समेंट आहे, आणि त्यात सहा देशांची नावे आहेत : बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी ही वाढ मिळते. टॅरिफमधला दर पॅकेज पॉलिसीला, म्हणजे ओडी आणि तृतीय पक्ष दोन्ही असलेल्या पॉलिसीला, ५०० रुपये आणि फक्त तृतीय पक्षाच्या पॉलिसीला १०० रुपये, गाडी कोणतीही असो. समुद्रातून किंवा विमानातून गाडी नेत असतानाचे नुकसान त्यात स्पष्टपणे वगळलेले आहे, त्यामुळे श्रीलंकेचे नाव लिहून घेतले तरी बोटीवरचे काही त्यात धरले जात नाही. मला विचाराल तर भारतीय मोटर विम्यातले एवढे स्वस्त आणि एवढे दुर्लक्षित संरक्षण दुसरे नाही.

मात्र या कुटुंबाची अडचण अशी होती की त्यांच्याकडे एक पॉलिसी नव्हतीच, दोन होत्या. ओडीची पॉलिसी दुसऱ्या कंपनीची, तृतीय पक्षाची अजून पहिल्या कंपनीची. ओडीच्या कंपनीने नेपाळ आणि भूतान ही नावे तिच्या पॉलिसीवर आनंदाने लिहिली. तेवढ्यावर प्रवासाला निघाले असते तर स्वतःच्या गाडीचा पत्रा सुरक्षित होता, आणि नेपाळच्या रस्त्यावर गाडीखाली कोणी आले असते तर भरपाईचा सगळा बोजा काकांच्या निवृत्तीच्या पैशांवर आला असता. दोन कंपन्यांत विभागलेल्या विम्यात ही फट कोणाच्याच नजरेस येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा माणूस आपल्यापुरते उत्तर देतो आणि ते बरोबरच असते. पहिल्या कंपनीच्या शाखेने अशी वाढ पूर्वी कधी केलेली नव्हती. शाखेतून विभागीय कार्यालयात, तिथून मुंबईला आणि परत, असे नऊ दिवस गेले. दोन्हीकडचा मिळून खर्च हजार रुपयांच्या आत होता.

एन्डोर्समेंट हातात आल्यावर मी तीन गोष्टी पाहिल्या : देशांची नावे शब्दांत लिहिली आहेत का, दोन्ही कंपन्यांच्या तारखा जुळतात का, आणि 'दोन्ही दिवस धरून' हे शब्द आहेत का. एका कागदावर केवळ नेपाळ होते. भूतान लिहून आणायला आणखी दोन दिवस लागले. दोन्हीकडे १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी मुदत घेतली, प्रवास लांबला तरी मुदत अपुरी पडू नये म्हणून.

माणसांचा विमा हा वेगळा धडा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाला असतो. काकू अर्धा वेळ गाडी चालवणार होत्या आणि आरसीवर त्यांचे नाव नव्हते, म्हणून त्यांचे नाव घालून १५ क्रमांकाचे एन्डोर्समेंट घेतले. आजारपणासाठी परदेश प्रवासाची पॉलिसी दोघांसाठी घेतली, कारण त्यांचा आरोग्य विमा भारतातील रुग्णालयांपुरता होता.

खरे तर काकांचे मोठे स्वप्न पुण्याहून लंडनला गाडीने जाण्याचे होते आणि नेपाळ ही त्याची रंगीत तालीम होती. त्या स्वप्नाबद्दलही आम्ही बोललो. वरच्या सहा नावांत म्यानमार, चीन, इराण, तुर्कस्तान काहीच नाही, त्यामुळे तिकडे भारतीय पॉलिसी कोणत्याही एन्डोर्समेंटने पोहोचत नाही. युरोपात आणि भोवतीच्या काही देशांत १९५३ पासून 'ग्रीन कार्ड' पद्धत चालते. एका देशाच्या पॉलिसीवर दुसऱ्या देशात तृतीय पक्षाचा विमा मान्य होतो, आणि इराण व तुर्कस्तानही तीत आहेत, पण भारत नाही. म्हणजे भारतीय गाडीला जाईल तिथे सीमेवर त्या त्या ठिकाणचा तृतीय पक्षाचा विमा विकत घ्यावा लागतो, आणि स्वतःच्या गाडीचे नुकसान बहुतेक वेळा उघडेच राहते. कार्ने नावाचा जो कागद मुंबईच्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो तो अनेकांना विमाच वाटतो. तो गाडी परत आणण्याबद्दल सीमाशुल्क खात्याला दिलेला हमीपत्राचा प्रकार आहे, अपघाताशी त्याचा काही संबंध नाही.

काकूंची भाची इंग्लंडमध्ये स्थायिक आहे आणि तिच्याकडेही अशीच गाडी आहे. तिच्या पॉलिसीशी तुलना केली तेव्हा फरक ठळकपणे दिसला. तिथे मोटर कॅराव्हॅन हा विम्याचा स्वतंत्र वर्ग आहे. आतले सामान, ऑनिंग, परदेशातले वर्षातील ठरावीक दिवस हे सगळे एकाच पॉलिसीत विचारून लिहितात, आणि ऑगस्ट २०२१ पासून ब्रिटिश गाडीला युरोपीय संघातील देशांत जाताना ग्रीन कार्डही लागत नाही. आपल्याकडे तेच संरक्षण चार ठिकाणांहून गोळा करून शिवावे लागते.

१२ नोव्हेंबर

दांपत्य ६ नोव्हेंबरला सुनौलीहून नेपाळमध्ये शिरले. भैरहवाच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क कचेरीत, दिवसांप्रमाणे शुल्क भरून त्यांनी पंचवीस दिवसांची पावती घेतली. बुटवल, पाल्पा करत ते पोखऱ्याला पोहोचले आणि १२ नोव्हेंबरला सकाळी पृथ्वी राजमार्गाने काठमांडूकडे निघाले. या रस्त्याच्या पोखरा-मुग्लिंग भागात रुंदीकरणाचे काम चालू होते. दमौलीच्या अलीकडे समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना काकांनी गाडी डावीकडे घेतली आणि कापलेल्या डोंगराचा पुढे आलेला खडक गाडीच्या डाव्या वरच्या कडेला लागला. नेपाळमध्येही आपल्यासारखी डावीकडून वाहतूक आहे, आणि या गाडीची ऑनिंग डाव्या अंगालाच होती, त्यामुळे पहिला मार तिलाच बसला. तिचा ॲल्युमिनियमचा पाइप मधोमध दुमडून तुटला, फायबरची बाजू हातभर चिरली, डावी खिडकी तडकली, एका सोलर पॅनेलची काच फुटली आणि आतल्या कपाटाचे दार उघडून लॅपटॉप खाली आदळला. माणसांना खरचटलेही नाही.

त्यानंतरच्या दोन तासांत त्यांनी जे केले त्यावर पुढचा दावा उभा राहिला. गाडी हलवण्याआधी खडकासह, रस्त्यासह आणि नंबर प्लेटसह फोटो काढले. दमौलीच्या वाहतूक पोलिसांकडून घटनेचा कागद घेतला. संध्याकाळी कंपनीला फोन केला आणि लगेच ईमेल पाठवला. लोंबणारी ऑनिंग कापल्याशिवाय गाडी चालवता येणार नव्हती, पण कापण्यापूर्वी ईमेलने परवानगी मागितली, कारण खासगी मोटारीच्या पॉलिसीत मालकाने आपणहून करायच्या दुरुस्तीची मर्यादा आजही ५०० रुपयेच छापलेली आहे. टोइंगची मर्यादाही १,५०० रुपयेच. दुसऱ्या दिवशी दुपारी परवानगी आली. तुटलेला पाइप टाकून न देता काकूंनी तो दोन तुकड्यांत चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवला आणि पुण्यापर्यंत आणला. सर्व्हेअरने, म्हणजे कंपनीच्या वतीने नुकसान तपासणाऱ्याने, सर्वांत आधी तोच मागितला. काठमांडू आणि भूतान दोन्ही सोडून ते १६ नोव्हेंबरला सुनौलीहून परत आले.

दावा

सर्व्हेअरची पहिली हरकत अनपेक्षित होती. भन्सारच्या पावतीवर तारीख २०८१/०७/२१ अशी होती. वर्षाकडे त्यांनी छपाईची चूक म्हणून दुर्लक्ष केले आणि पुढचे आकडे २१ जुलै असे वाचले. तसे असेल तर गाडी एन्डोर्समेंट सुरू होण्याआधी तीन महिन्यांपासून नेपाळात होती, आणि एवढ्यावरून फाइल बाजूला ठेवली गेली. नेपाळचे सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतात. २०८१ चा सातवा महिना कार्तिक, आणि त्या कार्तिकाची २१ तारीख म्हणजे ६ नोव्हेंबर २०२४. हे लेखी कळवले, सोबत उत्तर प्रदेशातील टोलनाक्यांच्या फास्टॅग नोंदी ४ आणि ५ नोव्हेंबरच्या जोडल्या, तेव्हा हरकत मागे घेतली गेली. पोलिसांचा कागद नेपाळी भाषेत होता. लिपी देवनागरी, आमच्यापैकी प्रत्येकाला तो जवळजवळ पूर्ण वाचता येत होता, तरी कंपनीला इंग्रजी भाषांतर हवे होते आणि ते प्रमाणित करून द्यावे लागले. या दोन गोष्टींत सोळा दिवस गेले.

दुरुस्तीचा अंदाज २,६२,००० रुपयांचा होता. घसारा प्रत्येक भागाला वेगळा लागतो, म्हणून आकडे क्रमाने सांगते. फायबरच्या बाजूचे काम ९०,००० चे. फायबरला ३० टक्के घसारा, म्हणून ६३,००० मंजूर. सोलर पॅनेल १२,००० चे. गाडीच्या वयाप्रमाणे १० टक्के, म्हणून १०,८००. ऑनिंग ७०,००० ची. सर्व्हेअरने तिचे दोन भाग केले, ५०,००० च्या ॲल्युमिनियमला १० टक्के आणि २०,००० च्या प्लास्टिकच्या कापडाला ५० टक्के लावून ५५,००० धरले. रंगकाम २४,००० चे. एकत्र बिल असल्याने त्यातील पाव भाग साहित्य समजून त्याच्या निम्मे, म्हणजे ३,०००, वजा झाले. मजुरी ३०,००० पूर्ण मिळाली.

वाद राहिला तो ३६,००० रुपयांच्या खिडकीवर. टॅरिफमध्ये काचेला घसारा शून्य आणि प्लास्टिकला ५० टक्के आहे. मोटरहोमच्या खिडक्या वजन आणि उष्णता कमी राहावी म्हणून काचेच्या नसतात, दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात. आमचे म्हणणे असे की ती खिडकी काचेचे काम करते, तिच्या जागी दुसरी काच बसूच शकत नाही, तेव्हा तिला काचेचा नियम लावावा. कंपनीचे म्हणणे असे की तक्त्यात कामाचा नाही, पदार्थाचा उल्लेख आहे. मला कंपनीची बाजू शब्दशः बरोबर वाटते आणि तरीही अन्यायाची वाटते, कारण हा तक्ता करताना ॲक्रिलिकच्या खिडकीची मोटार कोणाच्या डोळ्यांसमोर नसणार. तक्रार निवारण कक्षाकडे लिहिले, तिथेही १८,००० च कायम राहिले. पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे आणि तिथे जाण्याचा मार्ग मी दाखवला होता, पण तेवढ्यासाठी काकांना पुढे जायचे नव्हते.

सक्तीची २,००० रुपयांची वजावट जाऊन १,९५,८०० रुपये मंजूर झाले. ६६,२०० रुपये त्यांनी पदरचे घातले, आणि त्यावर पुढच्या नूतनीकरणात २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. लॅपटॉपचे काही मिळाले नाही. फेब्रुवारीतली जुनी पॉलिसी तशीच राहिली असती तर यातला एक रुपयाही मिळाला नसता, हेही मी त्यांना हिशोबाच्या कागदाच्या खाली लिहून दिले, कारण घसाऱ्याचे आकडे पाहून काकूंचा चेहरा उतरला होता.

काकांना मार्च २०२५ मध्ये भूतान करायचे आहे असे त्यांनी त्याच भेटीत सांगितले. नव्या ऑनिंगचे बिल, अनुक्रमांकासह, पॉलिसीच्या साहित्यसूचीत घालायला पाठवले आहे; लॅपटॉप आणि कॅमेऱ्यासाठी या वेळी वेगळी पॉलिसी घेतली आहे; आणि डिसेंबरअखेर संपणारी भौगोलिक वाढ दोन्ही कंपन्यांकडे १ मार्चपासून पुन्हा मागितली आहे. पहिल्या कंपनीच्या शाखेने या वेळी तीन दिवसांत कागद दिला. ओडी आणि तृतीय पक्ष हे दोन्ही भाग एका कंपनीकडे आणण्याचा मुहूर्त मात्र तीन वर्षांची मुदत संपेल तेव्हाचाच, फेब्रुवारी २०२६.